कोरडा ओढा, पडका वाडा आणि आपलें स्थलवर्णन

आपल्या वाङ्मयांत स्थलवर्णनाचा तुटवडा आहे असें कोणासही म्हणतां यावयाचें नाहीं. कादंबरी उघडावी तों नदीकांठ, आमराई आणि मावळता सूर्य. प्रवासवर्णन उघडावें तों धबधबे, दऱ्या आणि धुकें. किल्ल्यांवरील लेख उघडावा तों बुरूज, दरवाजे आणि लेखकाच्या डोळ्यांत उभें राहिलेलें पाणी. वर्णनें पुष्कळ आहेत. तुटवडा आहे तो स्थळांचा. सह्याद्रि ओलांडून पूर्वेस उतरलें म्हणजे पर्जन्यछायेचा जो विस्तीर्ण मुलूख लागतो, त्यांत महाराष्ट्राचे कित्येक तालुके मोडतात. तेथील ओढे पावसाळ्याचे थोडे दिवस धांवतात आणि बाकीचें वर्ष वाळू व दगड उघडे टाकून पडून राहतात. या मुलुखांत लाखों मराठी माणसें जन्मतात, नांदतात आणि मरतात. पण त्याचें वर्णन करण्याची पाळी आली म्हणजे आमच्या लेखकांजवळ दोनच विशेषणें उरतात : 'ओसाड' आणि 'भकास'. हीं विशेषणें म्हणजे वर्णन नव्हे. ती वर्णन करण्याची टाळाटाळ आहे. असा आमचा आरोप आहे, आणि आरोपीच्या पिंजऱ्यांत प्रथम आम्ही स्वतःच उभे आहों, हें आरंभींच सांगून टाकलेलें बरें.

सुमारें तीस वर्षांपूर्वी, एम्. ए. ची परीक्षा नुकतीच देऊन आम्ही घरीं येवल्यास आलों असतां, एका कॉलेजच्या वार्षिकासाठीं आम्हीं एक निबंध लिहिला होता. विषय होता येवल्याच्या उत्तरेस अनकाई-टंकाईच्या बाजूनें येणारा एक कोरडा ओढा आणि त्याच्या कांठचा एक पडका वाडा. निबंधाची तेव्हां वाहवा झाली. एका प्राध्यापकांनीं तो वर्गांत वाचून दाखविला, आणि आमचें डोकें जें फिरलें तें कांहीं वर्षें ठिकाणावर आलें नाहीं. परवां आमच्या एका जुन्या विद्यार्थ्यानें तें वार्षिक कोठून तरी मिळवून आमच्यापुढें ठेवलें. निबंध पुन्हा वाचला आणि, खरें सांगावयाचें तर, वाचवेना. त्यांत ओढा होता, पण त्यांत वाळू नव्हती. वाडा होता, पण त्यांत कोणी राहिलेलें नव्हतें. शेवटीं तो निबंध आणि एक तांबडी पेन्सिल खिशांत घालून आम्ही एका सकाळीं त्या ओढ्यांत पुन्हा उतरलों. आजवर दुसऱ्यांचे निबंध तपासले. एकदां आपला तपासावा, आणि तोही जेथला आहे तेथें उभें राहून तपासावा, असें वाटलें. पुढील टीका ही त्या तपासणीची हकीकत आहे.

तो मुलूख ज्यांनीं पाहिला नसेल त्यांच्यासाठीं थोडें सांगितलें पाहिजे. दौंड-मनमाड लोहमार्ग १८७८ सालीं सुरू झाला. त्या मार्गानें येवल्याहून मनमाडकडे जातांना अनकाई आणि टंकाई हे जोडकिल्ले दिसूं लागतात. मध्यें एक खिंड आणि दोहों बाजूंस सपाट माथ्याचे दोन डोंगर. त्यांतला अनकाई समुद्रसपाटीपासून ३००० फुटांहून अधिक उंच. टंकाईच्या पोटांत जैन लेणीं आहेत, त्यांतलीं कांहीं दुमजली आहेत. अनकाईवर अगस्ति ऋषींचें स्थान मानतात. जवळच एका डोंगरावर एकटा सुळका बोटासारखा उभा आहे. त्यास लोक हडबीची शेंडी म्हणतात. आगगाडींतला प्रत्येक मुलगा तो सुळका पाहून बापाला हांक मारतो. या डोंगरांच्या पायथ्यापासून येवल्याच्या सपाटीपर्यंत माळ, बरड आणि मधून मधून काळी जमीन अशी उतरंड आहे. तींतून पावसाळी ओढे वाट काढीत येतात. आमचा ओढा त्यांतलाच एक. त्यास नकाशावर नांव असल्यास आम्हीं तें कधीं पाहिलें नाहीं; गांवचे लोक 'ओढा' एवढेंच म्हणतात आणि त्यांचें कांहीं अडत नाहीं.

निबंधाच्या पहिल्याच परिच्छेदांत आम्हीं लिहिलें होतें कीं, ओढ्याच्या पात्रांत 'जणूं राक्षसांनीं क्रीडेसाठीं फेकलेल्या' वाटोळ्या शिळा पडल्या होत्या. शिळा आजही तेथें आहेत. त्यांतील एकीजवळ बसून हात लावला, तों वरचा पापुद्रा सुटून हातांत आला. त्याच्या खालीं दुसरा, त्याच्या खालीं तिसरा. दगड कांद्यासारखा सोलला जात होता. लासलगांवचा कांदा पिढ्यान्‌पिढ्या पाहिलेल्या मुलुखांतल्या लेखकास ही उपमा सुचूं नये आणि राक्षस सुचावेत, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे. काळ्या पाषाणाच्या चिरांतून पाणी शिरतें, दगडाचे कोन व कडा आधीं कुजतात आणि राहतो तो गाभा वाटोळा होतो. असा या शिळांचा इतिहास आहे. कोणीं त्या फेकल्या नाहींत. त्या जेथें आहेत तेथेंच घडल्या, आणि पावसानें भोंवतालची कूज धुवून नेल्यावर उघड्या पडल्या. हें कळल्यावर त्यांची नवलाई कमी होत नाहीं. उलट राक्षसाच्या एका फेकीपेक्षां पावसाची लाखों वर्षांची चिकाटी आम्हांस अधिक अद्भुत वाटली.

दुसरी चूक याहून मोठी. निबंधांत 'ओढ्याच्या काठावर उभी असलेली भग्न तटबंदी' होती, आणि तिच्या 'घडीव चिऱ्यांवर' आम्हीं अर्धा परिच्छेद खर्चिला होता. त्या सकाळीं आम्ही ती तटबंदी शोधीत असतां मेंढरें घेऊन एक वृद्ध धनगर खालीं उतरले. वय ऐंशींच्या पुढचें, पण चालणें आमच्याहून ताठ. आम्हीं विचारलें, "बाबा, येथें जुनी भिंत होती ना कुठें?" त्यांनीं काठीनें समोरच्या दरडीकडे बोट केलें. चिरे एकावर एक रचावेत तसा खडक तेथें सरळ रेघांनीं दुभंगला होता. "ती व्हय? ती भित नाय, गुरुजी. खडकच हाय तो. कुनी बांधली नाय." मग थोडें थांबून म्हणाले, "लई लोक फसत्यात."

त्या 'लई लोकांत' आम्हीही होतों. ज्या लाव्ह्याच्या थरांनीं दक्षिणेचें पठार बनलें, ते थर सुमारें साडेसहा कोटी वर्षांपूर्वींचे. ते थंड होतांना आक्रसतात आणि उभ्या-आडव्या चिरांनीं दुभंगतात. म्हणून पुष्कळ ठिकाणीं खडक गवंड्यानें रचल्यासारखा दिसतो. शास्त्रज्ञ या खडकाला 'ट्रॅप' म्हणतात. तो शब्द मूळ स्वीडिश भाषेंतला असून त्याचा अर्थ पायरी असा आहे. अनकाईचे कडे पाहिले कीं पायऱ्यांची गोष्ट डोळ्यांनींच पटते : कठीण थराचा उभा कडा, मऊ थराचा उतार, पुन्हा कडा, पुन्हा उतार. मऊ थरांतल्या पोकळ्यांत पुढें निरनिराळे क्षार साचून स्फटिक झाले. तेच स्फटिक आणि गारगोट्या ओढ्यानें वाहून आणून वाळूंत पसरल्या आहेत. लहानपणीं आम्ही त्या खिसे भरभरून नेल्या होत्या. निबंधांत मात्र त्यांचा उल्लेख नाहीं. कारण इंग्रजी कवींच्या ओढ्यांत त्या नव्हत्या.

येथें भाषेविषयीं एक गोष्ट सांगितली पाहिजे. निबंधांत आम्हीं खडकासाठीं पाषाण, शिळा, प्रस्तर आणि शैल असे चार शब्द वापरले होते, आणि चारांचा अर्थ एकच होता. त्या वृद्धांनीं तासाभराच्या बोलण्यांत कातळ, मुरूम, मांजऱ्या, चुनखडी, गारगोटी, बरड आणि चोपण असे सात शब्द वापरले, आणि सातांचे अर्थ सात. कोठें विहीर लागेल, कोठें फसेल. कोठें बाजरी येईल, कोठें कुसळाखेरीज कांहीं येणार नाहीं, हें त्या शब्दांवरून कळत होतें. मराठी गद्याला शब्दसंपत्ति नाहीं ही ओरड आम्हीही वर्गांत केलेली आहे. संपत्ति आहे, ती आमच्या पेढीवर जमा नाहीं इतकेंच.

आतां वाड्याकडे वळूं. कारण खरी लबाडी तेथें आहे. निबंधांतला वाडा एका 'अनामिक सरदाराचा' होता. त्याच्या 'शतकांच्या मौनांत' आम्हांस 'ऐश्वर्याचे नश्वरत्व' ऐकूं आलें होतें आणि त्याचें 'नक्षीदार महाद्वार काळाच्या उदरांत' गडप झालें होतें. वाचकहो, तो वाडा आमच्या आजोळचा होता. तेथें कोणी सरदार कधीं राहिला नव्हता. कुणबाऊ शेतकऱ्याचें तें नांदतें घर होतें. शतकांच्या मौनाबद्दल म्हणावें तर १९७२ च्या दुष्काळांत विहीर आटली, जनावरें विकलीं, आणि मामांनीं बिऱ्हाड येवल्यास हलविलें. निबंध लिहिला तेव्हां या गोष्टीला पुरतीं पंचवीस वर्षेंही झालीं नव्हतीं. महाद्वाराची गोष्ट तर सर्वांत लाजिरवाणी. तें दार मामांच्या येवल्याच्या घराला बसविलेलें होतें. त्याच दारांतून जेवावयास आंत जाऊन, त्याच्याच उंबऱ्यावर बसून, आम्हीं तें काळाच्या उदरांत घातलें!

असें आम्हीं कां केलें? खोटें बोलण्याचा हेतु नव्हता. पण जी अभिरुचि आम्हीं परीक्षेसाठीं कमावली होती, तिच्यांत मामांच्या वाड्याला जागा नव्हती. व्होल्नेचा भग्नावशेषांवरील ग्रंथ १७९१ सालचा. शेलीची ओझिमँडियसवरील सुनीतरचना १८१८ सालची. या परंपरेंत भग्न वास्तु म्हणजे राजांच्या गर्वाला मिळालेलें उत्तर. वाळवंट अफाट, पुतळा मोडलेला, आणि वाचकानें काढावयाचें तात्पर्य एकच कीं सत्ता टिकत नाहीं. तात्पर्य उत्तम आहे. कविताही थोर आहे. योगायोगाची गोष्ट अशी कीं, त्याच १८१८ सालच्या एप्रिलांत अनकाई-टंकाई इंग्रजी फौजेच्या हातीं गेले. म्हणजे एका साम्राज्याचा कवि सत्तेच्या नश्वरतेवर लिहीत असतां त्याच साम्राज्याचे सैनिक आमच्या डोंगरांवर सत्ता स्थापीत होते. ही विसंगति आम्हांस बी. ए. ला कोणीं सांगितली नाहीं आणि आम्हांसही ती दिसली नाहीं. आम्हीं कवीचा चष्मा तेवढा उसना घेतला आणि मामांच्या गोठ्यांत ओझिमँडियसचे पाय शोधूं लागलों. गर्व नसलेल्या माणसाचें घर कां पडतें, या प्रश्नाला त्या चष्म्यांत भिंगच नव्हतें.

निबंध छापून आला तेव्हां आईला वाचून दाखविला होता. ती शाळा चौथीपर्यंत शिकलेली. शेवटपर्यंत तिनें शांतपणें ऐकला आणि विचारलें, "सगळं छान आहे रे, पण यात आमची विहीर कुठं आहे?" आम्ही हंसलों. साहित्यांतलें तिला काय कळणार, असें तेव्हां मनांत आलें. त्या निबंधावर आजवर झालेली खरी टीका तेवढीच, हें कळावयास तीस वर्षें लागलीं; आणि कळलें तेव्हां सांगावयास ती राहिलेली नाहीं.

विहीर आजही आहे. बांधीव आहे. तिच्या तोंडाशीं मोटेच्या चाकाचे दगडी खांब, मोट जेथें रिती होई तें थारोळें, आणि बैलांच्या खुरांनीं शंभर वेळां उतरून चढून घट्ट झालेली धाव. सर्व जागच्या जागीं आहे. थारोळ्याच्या कांठाला नाड्यानें पडलेले खोल चरे आहेत. त्यांत बोट बसतें. वाड्याचें जोतें, दावणीचे दगड, एक उखळ आणि धान्याचें बुजलेलें पेंव एवढेंच बाकी उरलें आहे. भिंतींची माती माळावर पसरली आहे. आम्हीं सहज म्हटलें, "वाडा पार पडला हो." वृद्ध म्हणाले, "पडला नाय, गुरुजी, नेला. तुळया नेल्या, खण नेले, कवाडं नेली. लाकूड गेलं मंग भित काय उभी ऱ्हाती?" ते मामांना ओळखत होते, १९७२ सालीं दुष्काळी कामावर त्यांनीं एकाच ढिगाशीं बसून खडी फोडली होती. आम्हीं मामांचा भाचा आहों हें सांगितल्यावर त्यांनीं एकदां आमच्याकडे नीट पाहिलें आणि मेंढरांना हांक दिली.

'पडला' आणि 'नेला' या दोन क्रियापदांत दोन निराळीं स्थलवर्णनें आहेत. पहिल्यांत कर्ता काळ आहे. लेखकानें सुस्कारा टाकला कीं काम संपलें. दुसऱ्यांत कर्ता माणूस आहे. तो कां निघाला, काय बरोबर घेतलें, काय टाकलें, कोठें गेला, हें सर्व विचारावें लागतें. आपल्या जुन्या दप्तरी भाषेंत निर्जन गांवाला 'बेचिराग' म्हणत : जेथें दिवा लागत नाहीं तें. कारकुनाच्या या एका शब्दांत आमच्या सबंध निबंधापेक्षां अधिक काव्य आहे, आणि काव्याचा आवही नाहीं. गांवाची वस्तीची जमीन ती 'पांढरी', पिकाची ती 'काळी'. माणसें गेलीं तरी पांढरी ही पांढरीच राहते, कारण पिढ्यान्‌पिढ्यांच्या भिंतींची माती आणि चुलींची राख तींत मिसळलेली असते. हे शब्द ज्या भाषेंत आहेत तिच्या लेखकानें 'भकास' म्हणून हात झटकणें हा करंटेपणा आहे.

पण आईच्या विहिरीची गोष्ट येथें संपत नाहीं, आणि ती संपविली तर ही तपासणी अर्धवट राहील. विहिरीच्या पलीकडे उतारावर एक कडुनिंब आहे. तेथें काय होतें, असें विचारलें, तेव्हां वृद्ध म्हणाले, "तिकडं वस्ती व्हती." तेथें जोतें नाहीं, दगड नाहीं, उखळ नाहीं. गांवकुसाबाहेरच्या लोकांचीं तीं घरें मातीचीं आणि पाल्याचीं होतीं. त्यांचें नेण्याजोगें कांहीं नव्हतें आणि मागें राहण्याजोगेंही नव्हतें. आणि आणखी एक गोष्ट, जी आम्हांस लहानपणापासून ठाऊक होती व जी आम्हीं तीस वर्षें लिहिली नाहीं : त्या वस्तीनें आमच्या आजोळच्या विहिरीला हात लावावयाचा नसे. त्यांच्या बाया थारोळ्यापासून दूर उभ्या राहत आणि त्यांच्या घागरींत पाणी वरून ओतलें जाई. थारोळ्याचे चरे पाहून आमच्या मनांत ममत्व दाटून आलें होतें. हें आठवल्यावर तें ममत्व निखळ राहिलें नाहीं, आणि राहूं नये हेंच योग्य.

भग्नावशेषांवर प्रेम करणाऱ्या सर्व वाङ्मयावर हा मोठा आक्षेप आहे. तें प्रेम दगडावर असतें. म्हणून दगडाचें घर बांधण्याची ज्यांची ऐपत व मुभा होती, त्यांच्यापुरतेंच तें असतें. ज्यांनीं कांहीं मागें ठेवलें नाहीं, त्यांच्यासाठीं त्या वाङ्मयांत शोकाची सोय नाहीं. आणि हें येवल्याच्या माणसानें विसरावें? १९२७ सालीं महाडास जो पाण्याचा प्रश्न उभा राहिला आणि १९३० सालीं नाशिकास काळाराम मंदिराच्या दारीं जो प्रवेशाचा प्रश्न उभा राहिला, त्याच प्रवाहांत १३ ऑक्टोबर १९३५ रोजीं येवल्यास डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं आपण हिंदु म्हणून मरणार नाहीं असें जाहीर केलें. ती घोषणा ज्या मुलुखांत झाली, त्या मुलुखांतल्या विहिरीचें वर्णन करतांना त्या विहिरीवर कोण चढूं शकत नव्हतें हें गाळणें, हा आतां निव्वळ विसराळूपणा म्हणतां येणार नाहीं. येवल्याची पैठणी आणि तात्या टोप्यांचा जन्म यांचा उल्लेख आम्हीं निबंधांत अभिमानानें केला होता. १९३५ चा केला नव्हता.

कोणी म्हणेल, ही समाजशास्त्राची मागणी झाली; साहित्याशीं तिचा काय संबंध? संबंध आहे, आणि तो आपल्याच वाङ्मयाच्या इतिहासावरून दाखवितां येतो. मराठी गद्याचा जो पहिला मोठा ग्रंथ, तें 'लीळाचरित्र', स्थळांविषयीं विलक्षण काटेकोर आहे : स्वामी कोठें बसले, कोणत्या बाजूस, कोणत्या झाडाखालीं. महानुभावांनीं पुढें 'स्थानपोथी' नांवाचा स्वतंत्र ग्रंथच रचला. त्यांत चक्रधरांच्या चरणांनीं पवित्र झालेल्या जागा दिशा सांगून नोंदविल्या आहेत. तेथें भक्ति आहे म्हणूनच नेमकेपणा आहे. ज्या जागेवर प्रेम आहे तिची दिशा चुकवून कसें चालेल? आमच्या पिढीनें उलटें शिकून घेतलें कीं भावना दाटून आली म्हणजे तपशील धुकट व्हावयाचा.

विष्णुभट गोडसे १८५७ सालीं वरसईहून उत्तरेस गेले. त्यांचा 'माझा प्रवास' १९०७ सालीं छापून निघाला. भटजींनीं इंग्रजी कवि वाचले नव्हते हें त्यांच्या पुस्तकाचें भाग्य. मुक्काम, दक्षिणा, वाटेंतलें भय आणि पोटाची भूक हीं त्यांच्या लेखणीला कमीपणाचीं वाटत नाहींत. म्हणून झांशीचा वेढा त्यांच्या हातून आपल्यापर्यंत जिवंत पोंचला. उलट बाजूस १८८३ सालीं निघालेला मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा नाशिक खंड घ्या. अनकाईच्या लेण्यांचें वर्णन त्यांत आहे, किल्ला कोणीं केव्हां घेतला हें आहे. नेमकेपणांत त्याची बरोबरी आमचे किल्लेलेखक अजूनही करीत नाहींत. पण तो नेमकेपणा राज्य करणाऱ्याचा आहे. डोंगर मोजावा, महसूल मोजावा, माणसें मोजावींत आणि खंड मिटावा. नुसत्या नेमकेपणानें साहित्य होत नाहीं, हें आम्हांस मान्य आहे. आमचें म्हणणें इतकेंच कीं, त्याच्यावांचून तर मुळींच होत नाहीं.

दोन्ही गोष्टी एकत्र आल्या म्हणजे काय होतें, तें व्यंकटेश माडगूळकरांच्या 'बनगरवाडी'नें १९५५ सालीं दाखविलें. माणदेशांतली धनगरांची एक वाडी, तेथें आलेला पोरसवदा मास्तर, मेंढरें, पाऊस आणि पाऊस न येणें. शेवटीं दुष्काळानें वाडी रिकामी होते. त्या रिकामपणावर लेखक सुस्कारा टाकीत नाहीं. कारण कोण गेलें हें वाचकाला नांवनिशीवार ठाऊक झालेलें असतें. ओसाड जागेचें वर्णन करण्याचा खरा मार्ग हाच, कीं ती ओसाड होण्याआधीं भरलेली दाखवावी. दुर्गाबाई भागवतांच्या 'ऋतुचक्रा'नें १९५६ सालीं दुसरी गोष्ट शिकविली : ज्यास आपण शुष्क वैशाख म्हणून टाकून देतों, त्या महिन्यांतही पाहणाऱ्याला पाहण्यासारखें किती असतें. या दोन पुस्तकांनंतरही 'भकास' हें विशेषण आमच्या लेखकांच्या दौतींत शिल्लक राहावें, याचें आश्चर्य वाटतें.

परदेशाचें उदाहरण हवेंच असेल तर तें शेलीचें न घेतां मेरी ऑस्टिन या अमेरिकन लेखिकेचें घ्यावें. कॅलिफोर्नियाच्या पूर्व भागांतील रुक्ष प्रदेशावरचें 'द लँड ऑफ लिटल रेन' हें तिचें पुस्तक १९०३ सालीं निघालें. ती तेथें राहिली होती. प्रवासिनी म्हणून आली नव्हती. कोरड्या पात्रांत पाणी कोठें असेल हें जनावरांच्या पायवाटांवरून कसें ओळखावें, मेंढपाळ काय पाहतो, हें तिनें इतक्या ममतेनें लिहिलें कीं वाळवंट हें राहण्याचें ठिकाण आहे असें वाचकास वाटूं लागतें. आणि पुढची हकीकत पाहावी. त्याच मुलुखांतल्या ओवेन्स नदीचें पाणी १९१३ सालीं मोठा जलमार्ग बांधून दूरच्या लॉस एंजेलिस शहराला नेण्यांत आलें. खोऱ्यांतलीं कित्येक शेतें आणि गुरांचे वाडे उजाड झाले. तेथील पडकीं घरें पाहून आज कोणी 'काळाचा महिमा' असें लिहील, तर तो आमच्यासारखीच चूक करील. काळानें तेथें कांहीं केलें नाहीं. पाणी नेलें गेलें. तेथेंही क्रियापद 'नेलें' हेंच आहे.

आमच्या भूमिकेवर एक आक्षेप रास्त आहे. सर्वच वर्णनाला कारणांचा जाब विचारला तर निसर्गापुढें नुसतें स्तब्ध उभें राहण्याचा आनंद नाहींसा होईल, असें कोणी म्हणेल. हडबीच्या शेंडीवर उगवतीचें ऊन पडलें असतां तेथें महसूल आठवावा काय? आठवूं नये. आम्हीही त्या सकाळीं दहा मिनिटें कांहीं न आठवतां त्या सुळक्याकडे पाहत उभे होतों. पण तो आनंद लिहावयाचा झाला तरी सुळक्याचाच लिहावा. 'दिव्य', 'अलौकिक' आणि 'शब्दातीत' यांचा लिहूं नये. हीं विशेषणें हिमालयाला लागतात, कन्याकुमारीला लागतात; जीं सर्वत्र लागतात तीं कोठेंच लागत नाहींत.

निबंधाच्या बाजूनेंही न्याय झाला पाहिजे. तांबडी पेन्सिल चालवितां चालवितां शेवटच्या पानावर एक वाक्य असें सांपडलें कीं जेथें पेन्सिल थांबली. ओढ्याच्या वळणावर वाळूंत उकरलेल्या झिऱ्याशीं गांधीलमाशा पाणी पीत होत्या, आणि ओली वाळू तळहाताएवढीच होती, असें तें वाक्य आहे. त्यांत काळ नाहीं, राक्षस नाहींत. ज्या मुलानें तें पाहिलें तो पाहूं शकत होता. त्याच्या शिक्षणानें त्याला वेळेवर दुसरीकडे पाहावयास लावलें. त्या शिक्षणांतच आम्हीं पुढें जन्म घालविला आणि दुसऱ्या कित्येक मुलांना तेंच शिकविलें, ही गोष्ट त्या झिऱ्यापाशीं बसल्यावर फार बोंचली.

म्हणून नव्या लेखकांस, आणि आपल्या मुलांचे शाळेंतले निबंध कौतुकानें वाचणाऱ्या आईबापांस, आमची विनंति आहे. पडक्या घरावर लिहावयाचें झाल्यास आधीं तीन प्रश्न विचारावे : येथें पाणी कोठून येत होतें, येथलें लाकूड कोठें गेलें, आणि येथें राहून ज्यांनीं कांहींच मागें ठेवलें नाहीं ते कोण? तिन्हींचीं उत्तरें मिळालीं म्हणजे मग खुशाल रडावें. तें रडणें खोटें होणार नाहीं. उत्तरें पुस्तकांत नसतात. तीं देणारीं माणसें आज ऐंशी वर्षांचीं आहेत आणि मेंढरें घेऊन उन्हांत फिरत आहेत. त्यांना विचारण्यास फार दिवस उरलेले नाहींत.

निबंध आम्हीं दुरुस्त करून त्या विद्यार्थ्यास परत दिला आहे. शंभरांपैकीं पस्तीस गुण दिले : पास होण्यापुरते, आणि तेही गांधीलमाशांसाठीं.